दोन्ही हात मोकळे ठेवणारा फोन

मोनालीला खंडव्याच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली, तेव्हा लीलाधरभाऊंनी बुऱ्हाणपूरच्या शनवारा बाजारातल्या आपल्या साड्यांच्या दुकानात दिवसभर मावा जिलेबी वाटली. गिऱ्हाईक आलं की आधी जिलेबी, मग साडी. कुणी विचारलं, "सेठ, आज काय विशेष?" की ते म्हणायचे, "मोनाली टीचर झाली. सरकारी नाही, पण पक्की आहे."

मोनाली त्यांची एकुलती एक मुलगी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती अगदी लहान असताना तिची आई, उषाताई, उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरला राहून खुणांची भाषा शिकून आल्या. स्वतः शाळेत शिकवणाऱ्या बाईच त्या, त्यांनी नवऱ्यालाही सोडलं नाही. रोज जेवण झालं की लीलाधरभाऊंचा तास. हळूहळू त्यांचे हात चालायला लागले. पुढे मोनाली इंदूरच्या वसतिगृहात राहून शिकली, शिक्षिकेचं प्रशिक्षणही तिथंच झालं. सुट्टीत घरी आली की बापलेकीच्या गप्पांना अंत नसायचा.

पण हे घरात. बाजारात लीलाधरभाऊंचे हात आखडायचे. मोनाली दुकानात आली, की ते काउंटरच्या आड, पोटाजवळ, छोट्या छोट्या खुणा करायचे. चार लोक वळून बघतात, पोरीकडे पाहून 'च्च च्च' करतात, ते त्यांना सोसायचं नाही. मोनालीच्या ते लक्षात आलं होतं. एकदा तिनं सरळ सांगितलं होतं, "पप्पा, तुम्ही बाजारात माझ्याशी कुजबुजता."

आता नोकरी म्हणजे बुऱ्हाणपूर ते खंडवा रोजचं अप-डाउन. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी. आणि मोनालीचा जुना फोन दुपारच्या डब्यापर्यंतही टिकत नव्हता.

ज्यांना ऐकू येतं त्यांना यात मोठं काही वाटणार नाही. फोन खिशात असतो, वाजला की काढायचा, दोन शब्द बोलायचे, परत ठेवायचा. मोनालीला बोलायचं तर माणूस दिसावा लागतो. स्क्रीन चालू, कॅमेरा चालू, नेट चालू. समोरच्याला खुणा येत नसतील, तर तो बोलतो ते अक्षरांत उमटवणारं ॲप चालू. बॅटरी बघता बघता उतरते. ती आईला म्हणाली होती, "तुमचा फोन बंद पडला तर फोन बंद पडतो. माझा पडला तर माझं तोंड बंद होतं."

म्हणून रविवारी बापलेक बाजारातल्या मोठ्या मोबाइलच्या दुकानात गेले.

काउंटरवर गौरव नावाचा तरुण सेल्समन होता. तो लीलाधरभाऊंना ओळखत होता. "आओ अंकल! कुणासाठी, बेबीसाठी ना?"

लीलाधरभाऊंनी काचेतल्या सगळ्यात चकचकीत फोनकडे बोट केलं. आठवडाभर येता-जाता त्यांनी तो हेरून ठेवला होता. "हा काढ."

"एक नंबर पसंद आहे अंकल. पतला बघा किती! आणि कॅमेरा असा, की रात्रीचा फोटो दिवसासारखा येतो."

लीलाधरभाऊंनी फोन मोठ्या ऐटीत मोनालीच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, काउंटरवरच्या पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि दोन पावलं मागं सरून हात हलवले. फोन घसरून आडवा पडला. तिनं पुन्हा उभा केला. पुन्हा पडला.

"हा उभा राहत नाही," तिनं वडिलांना सांगितलं.

"उभा कशाला पाहिजे? हातात धरायचा." लीलाधरभाऊंच्या खुणा पोटाजवळच होत्या.

"एका हातात फोन धरला तर बोलू कशानं? अर्ध्या तोंडानं?"

"क्या बोल रही है, अंकल?" गौरवनं विचारलं.

लीलाधरभाऊ उत्तर देणार, तेवढ्यात मोनालीनं काउंटरवर दोन बोटं वाजवली. तिनं आपल्या जुन्या फोनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि तो गौरवच्या पुढ्यात ठेवला. 'फोन मला घ्यायचा आहे. माझ्याशी बोला. तुम्ही बोलाल ते इथं उमटेल.'

गौरवनं आधी लीलाधरभाऊंकडे पाहिलं, मग फोनकडे, मग मोनालीकडे. खाली वाकून, फोनला तोंड लावून तो ओरडलाच, "कैसा फोन चाहिए आपको?"

दुकानातली सगळी माणसं वळली. मोनालीला हसू आवरेना. तिनं लिहिलं, 'हळू बोललात तरी चालेल. फोनला ऐकू येतं.'

गौरवही हसला, आणि मग मात्र तो तिच्याशीच बोलायला लागला. ती काय हवं ते एकेक लिहून सांगत गेली. घरून निघाल्यापासून घरी येईपर्यंत बॅटरी पुरली पाहिजे, आणि तीसुद्धा व्हिडिओवर बोलून. पुढच्या कॅमेऱ्यात दोन्ही हात कोपरापर्यंत मावले पाहिजेत. पर्समध्ये असला तरी थरथर जाणवली पाहिजे. उन्हात स्क्रीन दिसली पाहिजे. मागचा कॅमेरा कसाही चालेल.

गौरवनं डोकं खाजवलं आणि सगळ्यात खालच्या खणातून एक जाडजूड, काळा फोन काढला. "असा एक आहे. पण हा डिलिव्हरीवाले, ट्रकवाले घेतात, मॅडम. वजन आहे याला. आपको शोभेगा नहीं."

मोनालीनं तो बाटलीला टेकवला. तो उभा राहिला.

मग तिनं गौरवला एक विनंती केली. चकचकीत फोन आणि जाडा फोन, दोन्हींवर एकाच वेळी व्हिडिओ कॉल लावायचे, दोन्हींचा उजेड पूर्ण ठेवायचा आणि बघायचं. रविवारची दुपार होती, गिऱ्हाईक फार नव्हतं. गौरवलाच त्यात मजा वाटली. त्यानं एक कॉल स्वतःच्या फोनवरून लावला, दुसरा दुकानातल्या पोऱ्याच्या फोनवरून. दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. चहा सांगितला. चहा येऊन, पिऊन, कप परत जाईपर्यंत पतला फोन हाताला चांगला गरम लागायला लागला होता आणि त्याची बॅटरी दिसेल इतकी उतरली होती. जाड्याची जेमतेम हलली होती.

गौरवनं हार मानली नाही. "पण मॅडम, हा पतला चार्ज फटाफट होतो. थोडा वेळ लावला की फुल."

'गाडीत प्लग असतो,' मोनालीनं लिहिलं. 'पण त्याच्याभोवती आधीच माणसं उभी असतात.'

राहता राहिला प्लॅन. गौरवनं पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली, "मॅडम, यात अनलिमिटेड कॉलिंग एकदम फ्री..." आणि त्यानं जीभ चावली. मोनालीनं स्क्रीनवर उमटलेली अक्षरं वाचली आणि ती अशी खळखळून हसली, की गौरवचा जीव भांड्यात पडला.

'कॉलिंग तुम्ही ठेवा,' तिनं लिहिलं. 'मला नेट द्या. दुपारी संपणारं नको.'

कुठल्या कंपनीचं सिम घ्यायचं, हे तिचं आधीच ठरलं होतं. मुलाखतीला जाताना तिनं आई-वडिलांचे दोन्ही फोन मांडीवर ठेवून सगळा रस्ता पाहिला होता. असीरगड रोड स्टेशन सोडलं, डोंगर सुरू झाले, की वडिलांच्या सिमचं नेट जायचं. आईच्या सिमचं चांदनी, नेपानगर ओलांडून पुढंही टिकायचं. तिनं आईच्याच कंपनीचं सिम मागितलं.

लीलाधरभाऊ सगळा वेळ बाजूला बसून होते. पोरगी दुकानदाराला अशी खेळवते आहे हे पाहून त्यांना आतून बरं वाटत होतं, पण तो काळा फोन पिशवीत पडला तेव्हा त्यांचा चेहरा उतरलाच. घरी आल्यावर ते उषाताईंना म्हणाले, "पहिल्या नोकरीला निघाली पोरगी. वाटलं होतं, गाडीत चार लोकांनी बघावं असा फोन घेऊन द्यावा. तर हिनं वीट उचलली! लीलाधर सेठच्या पोरीच्या हातात वीट!"

"अहो, फोन तिला बोलायला पाहिजे आहे," उषाताई म्हणाल्या. "बाजाराला दाखवायला नाही."



पहिल्या दिवशी त्यांनी बरोबर येण्याचा हट्ट धरला. मोनालीनं मानलं नाही. "रोज येणार आहात का? मग आजही नको." स्टेशनपर्यंत मात्र ते गेलेच. गाडी हलली, खिडकीतून तिचा हात दिसेनासा झाला, तरी ते फलाटावर उभे होते. दुपारी तिनं शाळेच्या अंगणातून कॉल केला. फोन पायरीवर उभा करून, दोन्ही हातांनी, ती भराभर सांगत होती. वर्ग कसा आहे, मुलं किती खोडकर आहेत, मुख्याध्यापिका चहात साखर किती घालतात. लीलाधरभाऊंनी काउंटरच्या आडून दोन-तीन खुणा केल्या आणि जेवलीस का, तेवढं विचारलं.

संध्याकाळी गाडीची वेळ होऊन गेली, तरी मोनाली आली नाही. दिवेलागण झाली. दुकानात एक बाई आपल्या सुनेला घेऊन पैठणी बघत बसल्या होत्या. शेजारचे भांडीवाले सुरेशभाऊ बातमी घेऊन आले, "गाडी चांदनीला उभी आहे म्हणे. पुढं मालगाडी बिघडली."

लीलाधरभाऊंच्या हातातली साडी तशीच राहिली. फलाटावर भोंग्यातून काहीतरी सांगत असतील. गाडी बदला म्हणतील, उतरा म्हणतील. तिला कसं कळणार? "सुरेश, तू दुकान बघ. मी मोटरसायकल काढतो."

तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. मोनालीचा व्हिडिओ कॉल होता.

ती चांदनीच्या फलाटावर होती. मागं दिवे, गाडीचे डबे, खाली उतरून पाय मोकळे करणारी माणसं. "गाडी थांबली आहे. मालगाडीचं इंजिन बिघडलं, दुसरं येतंय. मी ठीक आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी विचारलं. सगळे विचारत होते तसंच." मग ती घाईनं म्हणाली, "पप्पा, ते राहू द्या. मला तुमची गरज आहे. इथं एक जण आहेत, त्यांना माझ्याशी बोलायचंय. त्यांची बोली माझ्या फोनला कळत नाही, काहीच्या काही लिहितो. त्यांना वाचताही फारसं येत नाही. तुम्ही मधे बोला."

फोन वळला. स्क्रीनवर एक उन्हानं रापलेला माणूस आला. डोक्याला रुमाल, गालांवर दाढीचे खुंट. त्याच्याजवळ एक लहान मुलगी होती. ती मोनालीच्या हातांकडे एकटक बघत होती.

"राम राम भाऊ," तो म्हणाला. "मी कौतिक. तुकईथडचा. केळीची शेती हाय. ही माही पोर, पूजा. हिले ऐकू येत नाही. त्या खंडव्याच्या शाळेत नेली व्हती. पन फाटकातूनच माघारी आनली. एवढीशी पोर, सांगता येत नाही, बोलता येत नाही. कोनाच्या भरवशावर सोडू? गाडीत बसलो, तं ही तुमची बाई फोनसमोर हातानं बोलत व्हती. माह्या पोरीनं माहं बोट सोडलं अन् जाऊन हिच्यासमोर बसली. ते आतापावतो हलली नाही. भाऊ, ही बाई बी ऐकत नाही का?"

"नाही. जन्मापासून."

"अन् टीचर हाय म्हन्ते?"

"आहे."

"ते कसं जमलं? कोनाच्या वळखीनं लागली?"

लीलाधरभाऊंची मान ताठ झाली. उत्तर जिभेवर होतं. पोरीच्या वतीनं उत्तरं देण्यातच त्यांचं आजवरचं आयुष्य गेलं होतं. पण त्यांनी तोंड मिटलं. "ते तिलाच विचारा," ते म्हणाले. "मी फक्त तुमचं तिला सांगतो आणि तिचं तुम्हाला."

त्यांनी फोन काउंटरवरच्या साड्यांच्या गठ्ठ्याला टेकवून उभा केला. नीट दिसावं म्हणून मागं सरले. आता काउंटरचा आडोसा नव्हता, पोटाजवळ हात ठेवून भागणार नव्हतं. मोनालीला ते लहानशा स्क्रीनवर, दूरवरून वाचायचं होतं. लीलाधरभाऊंनी बाह्या वर केल्या आणि छातीच्या उंचीवर, भर दुकानात, दिव्याखाली, मोठ्या मोठ्या खुणांनी कौतिकचा प्रश्न विचारला.

पैठणी बघणाऱ्या बाई थांबल्या. सुरेशभाऊ दारात उभे राहिले. रस्त्यावरून जाणारेही दोघं-तिघं डोकावले. लीलाधरभाऊंचं तिकडं लक्षच नव्हतं.

मोनालीचं उत्तर ते मोठ्यानं सांगत गेले. "ती म्हणते, ओळखीनं नाही. परीक्षा दिली, मुलाखत दिली. मुलाखतीत एका मुलाला गणित शिकवून दाखवायला सांगितलं. तो मुलगा वर्ग सोडून जायला तयार होईना, म्हणून घेतलं."

हे लीलाधरभाऊंनाही ठाऊक नव्हतं. घरी तिनं एवढंच सांगितलं होतं, की मुलाखत बरी झाली.

"तिथं पोरायले मारतात का? रातच्याला रडली तं कोन उठते?" कौतिकनं विचारलं.

"ती म्हणते, मारत नाहीत. मारलं तर मी आहे. रडेल, सुरुवातीला रडेलच. मीही वसतिगृहात खूप रडले. पण मग..." लीलाधरभाऊ अडखळले. स्क्रीनवर मोनालीचे हात थांबून त्यांची वाट बघत होते. "पण मग मला पहिली मैत्रीण मिळाली. घरी सगळे माझ्यावर जीव टाकायचे, तरी अशी मी एकटीच होते. तिथं सगळ्या माझ्यासारख्या होत्या."

कौतिकनं पूजाच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "मोठी होऊन माही पोर काय करंल?"

मोनालीनं खांदे उडवले आणि हसत हात हलवले.

"ती म्हणते, ते मी कसं सांगू? पूजालाच विचारावं लागेल. पण विचारायचं तर आधी तिला भाषा पाहिजे ना."

इतक्यात लीलाधरभाऊंच्या फोनवर लाल खूण दिसायला लागली. बॅटरी संपत आली होती. "सुरेश, चार्जर!" ते ओरडले. सुरेशभाऊ धावत जाऊन आपला चार्जर घेऊन आले. पण वायर आखूड. मग पैठणीवाल्या बाईंच्या सुनेनं स्टूल भिंतीजवळ ओढलं, त्यावर साड्यांचे खोके रचले आणि फोन त्यावर उभा केला. लीलाधरभाऊ पुन्हा समोर उभे राहिले.

तिकडं मोनालीनं आपला फोन बाकावर टेकवला होता आणि ती पूजासमोर उकिडवी बसली होती. तिनं उभ्या गाडीकडे बोट केलं, मग कोपर अंगाशी धरून दोन्ही हात चाकांसारखे फिरवले. पुन्हा बोट, पुन्हा चाकं. पूजा आळीपाळीनं गाडीकडे आणि हातांकडे बघत राहिली. मग तिनं आपले इवलेसे कोपर अंगाशी आवळले आणि हात फिरवले. वळून बापाचं धोतर ओढलं, गाडीकडे बोट दाखवलं आणि पुन्हा फिरवले.

"भाऊ," कौतिक म्हणाला, "ही काय करते?"

"गाडी म्हणाली." लीलाधरभाऊ स्क्रीनजवळ वाकले. "कौतिकभाऊ, तुमची पोरगी 'गाडी' म्हणाली. तुम्हाला म्हणाली."

कौतिक बाकावर बसला आणि त्यानं रुमाल डोळ्यांना लावला. पूजाला कशाचंच काही नव्हतं. ती या डब्याकडून त्या डब्याकडे धावत होती आणि प्रत्येक डब्याला सांगत होती, गाडी, गाडी, गाडी.

पैठणीवाल्या बाईंनी हळूच विचारलं, "सेठ, ही तुमची मुलगी?"

"हो," लीलाधरभाऊ म्हणाले. "माझी मुलगी. खंडव्याला टीचर आहे." आणि तेच त्यांनी, कुणी विचारलं नसताना, हातांनीही सांगितलं. स्क्रीनवर मोनालीनं ते पाहिलं. मग म्हणाली, "पप्पा, आज तुम्ही केवढ्यानं बोलताय!"

गाडी हलली तेव्हा मोनालीच्या फोनमध्ये अजून भरपूर बॅटरी होती. बुऱ्हाणपूर येईपर्यंत तिनं पूजाला पाणी, आई आणि केळं शिकवलं.

पुढच्या आठवड्यात कौतिक बायकोला, मालूबाईला, घेऊन खंडव्याला गेला आणि पूजाचं नाव शाळेत आणि तिथल्या वसतिगृहात घातलं. मालूबाईनं एक अट घातली, पोर शिकेल ते मलाही शिकवा. मोनालीनं ती आनंदानं मानली. संध्याकाळच्या गाडीत जागा मिळाली, की ती फोन खिडकीला टेकवायची आणि तुकईथडला कॉल लावायची. तिकडं मालूबाई कौतिकचा फोन पाण्याच्या हंड्याला टेकवून, पदर खोचून बसायची. नेट तुटायचं, पुन्हा लागायचं. सुरुवातीला ती लाजायची. शेजारच्या बायका दारात येऊन हसायच्या. मग त्यातल्याच एक-दोघी मागं बसून हात हलवायला लागल्या.

दिवाळीच्या सुट्टीत पूजा घरी आली. भाऊबिजेला मोनाली आणि लीलाधरभाऊ दुकानात हिशेबाला बसले असताना तुकईथडहून कॉल आला. मालूबाई इतक्या घाईनं हात हलवत होती, की मोनालीला काही कळेना. तिनं फोन वडिलांकडे वळवला.

"काय झालं मालूबाई? सावकाश सांगा."

"भाऊ, पोर जेवाले बसली. वांग्याची भाजी केली व्हती. एक घास खाल्ला अन् मले म्हन्ते..." मालूबाईनं चिमूट धरून हात झटकला, तोंड वाकडं केलं. "मीठ नाही म्हन्ते! माह्या भाजीत मीठ नाही म्हन्ते! एवढ्या वर्सात तिनं मले कधी काही सांगितलं नव्हतं. वाढलं ते खायची. आज नाव ठेवलं भाऊ, माह्या भाजीले नाव ठेवलं!"

तिच्यामागं पूजा ताट पुढं सरकवून बसली होती आणि तीच खूण पुन्हा पुन्हा करत होती. जरा रागातच. मालूबाई उठली, मीठ आणलं, चिमूटभर घातलं आणि ताट तसंच सोडून आधी शेजारणीला सांगायला धावली.